माकडाचा पंजा आणि जिनिंगचा पट्टा

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची ‘माकडाचा पंजा’ ही कथा १९०२ सालची. भुताच्या कथांच्या बहुतेक संग्रहांत ती असते, त्यामुळे लोक ती पावसाळी रात्री, लाइट गेल्यावर वाचायची गोष्ट समजतात. माझं म्हणणं, ती कापसाच्या हंगामात वाचावी. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, आवाजाच्या टप्प्यात राहणाऱ्यानं तर वाचावीच.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो. भरल्या गाडीचं वजन घ्यायचं, कापूस खाली झाला की रिकाम्या गाडीचं घ्यायचं आणि पावती फाडायची. वजाबाकी कॉम्प्युटर करतो, शिव्या मी खातो. दिवाळी झाली की गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर येते. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर संध्याकाळी निघून गेला की उरलेल्यांनी ताडपत्री ओढून रात्र तिथंच काढायची. फाटकासमोर एक चहाची टपरी आहे, तिथं शेकोटी असते. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतल्याचा उपयोग मला आयुष्यात दुसरीकडे कुठेच झाला नाही, तो या शेकोटीवर झाला. तिथं मी गोष्टी सांगतो. पुस्तक हातात धरत नाही. वाचून दाखवलं की माणसं झोपतात, सांगितलं की जागी राहतात.

ज्यांनी ही कथा वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. म्हातारा व्हाइट, त्याची बायको आणि हर्बर्ट नावाचा तरणा मुलगा. बाहेर वादळी पाऊस, आत बापलेक बुद्धिबळ खेळतायत. बाप आपल्या राजाला उगाचच्या उगाच धोक्यात घालतो. चूक ध्यानात येते, पण पोराला ती दिसू नये म्हणून तो वाऱ्याचा विषय काढतो. हरल्यावर चिडून रस्त्याला शिव्या देतो : पायवाटेचा चिखल झालाय, रस्त्याला पूर आलाय, या बाजूला दोनच घरांत बिऱ्हाडं आहेत म्हणून कुणाला पर्वा नाही. इथं शेकोटीवरचे लोक हमखास हसतात. पांदण रस्त्याचं गाऱ्हाणं साहेबाच्या देशातही होतं, याचं त्यांना भारी समाधान वाटतं.

मग मॉरिस नावाचा सार्जंट-मेजर येतो. हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला. गेला तेव्हा गोदामात काम करणारा किडकिडीत पोरगा होता, असं म्हातारा सांगतो. मॉरिसच्या खिशात वाळलेला माकडाचा पंजा. एका फकिरानं तो मंतरून ठेवला आहे, तिघांच्या तीन-तीन इच्छा त्यानं पुऱ्या व्हायच्या. फकिराला दाखवायचं होतं की माणसाचं आयुष्य नियती चालवते आणि तिच्या कामात हात घालणाऱ्याला पस्तावावं लागतं. पहिल्या माणसानं तिसऱ्या वेळी मरण मागितलं होतं. आपण काय मागितलं ते मॉरिस सांगत नाही, तो पंजा सरळ विस्तवात फेकतो. म्हातारा झडप घालून काढतो. वर मॉरिस नको म्हणत असताना त्याला थोडे पैसेही देतो.

काय मागायचं, हे म्हाताऱ्याला सुचत नाही, कारण त्याला कशाची कमी नाही. पोरगाच म्हणतो, घरावरचं देणं तेवढं फिटलं की तुम्ही खूश ना? मग मागा दोनशे पौंड, बरोबर भागतं. म्हातारा मागतो. पंजा हातात सापासारखा वळवळतो. पैसे काही दिसत नाहीत. पोरगा थट्टेनं म्हणतो, मला तर हे पैसे दिसत नाहीत, आणि कधी दिसणारही नाहीत, पैज लावतो. सकाळी कामावर निघताना पुन्हा थट्टा : मी परत येईपर्यंत पैशाला हात लावू नका.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. दुपारी एक अनोळखी माणूस फाटकापाशी घुटमळतो. तीनदा थांबून पुढं जातो, चौथ्यांदा आत येतो. हर्बर्ट यंत्रात सापडलेला असतो. कंपनी म्हणते आमची जबाबदारी काही नाही, पण मुलाच्या सेवेची जाण म्हणून ठरावीक रक्कम देऊ इच्छितो. किती? दोनशे पौंड.

भुताचा भाग यानंतर येतो. आई दुसरी इच्छा मागायला लावते, पोरगा जिवंत होऊ दे म्हणून. रात्री दार वाजतं. ती कडी काढायला धावते आणि इकडे बाप अंधारात पंजा चाचपत तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा बाहेर कुणी नसतं. हा भाग चांगलाच आहे. पण माझं मन त्या अनोळखी माणसापाशी थांबतं. तो चांगल्या कपड्यातला आहे, डोक्यावर रेशमी टोपी आहे, आणि आत आल्यावर त्याला तोंड उघडता येत नाही. ‘मला पाठवलंय’ एवढं म्हणतो आणि वाकून पॅन्टीवरचा कापसाचा धागा उचलतो.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे. शिवणीचा सुटलेला दोरा असेल. बोलायचं अवघड झालं की माणूस असं काहीतरी हातानं करतो, तेवढंच जेकब्सला दाखवायचं असेल. ही कंपनी काय बनवते, ते यंत्र कशाचं, हे त्यानं कथेत कुठंच सांगितलेलं नाही. पण हंगामभर मी घरी जातो तेव्हा बायको मला अंगणातच उभं करून पाठीवरची रुई झटकते. भुवयांना रुई, कानांत रुई. मला तो धागा दुसरीकडून आलेला वाटूच शकत नाही. तो माणूस त्या यंत्राजवळून आला आहे. मुलगा गेला त्या जागेचा एक तंतू त्याच्या पॅन्टीला चिकटून त्या घरात आला, आणि त्यानं तो सगळ्यांच्या आधी उचलून टाकला.

मग तो म्हणतो, मी हुकमाचा ताबेदार, मला सांगितलं ते सांगतो.

मी आधी ज्या जिनिंगमध्ये होतो त्याचं नाव सांगत नाही. तिथं आमच्याच गावचा एक पोरगा रातपाळीला होता. पुसाच्या थंडीचे दिवस, गळ्यात दुपट्टा. मशीनच्या मागच्या बाजूला सांडलेली सरकी ओढायला वाकला आणि दुपट्ट्याचं टोक पट्ट्यात गेलं. तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत संपलं होतं. नंतर दोघं जण त्याच्या घरी आले. एक बोलत होता, दुसरा अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होता. चूक पोराचीच होती, दुपट्टा घालून मशीनजवळ जायचं नसते, पण माणुसकी म्हणून. आकडा सांगण्यात अर्थ नाही. पोराच्या बापानं तो ऐकला तेव्हा मी तिथं होतो, त्यानं फक्त ‘बरं’ म्हटलं.

तेरवीला जी बोलणी झाली ती मला या सगळ्या लेखापेक्षा महत्त्वाची वाटतात. पत्रावळी उचलल्यावर बायका आत आणि माणसं मांडवात बसली आणि एकेक जण सांगू लागला. त्याची मामी म्हणाली, त्या दिवशी डबा विसरला म्हणून तो अर्ध्या रस्त्यातून परत आला होता, परतून गेलेलं बरं नसते. चुलता म्हणाला, तीन रात्री टिटवी घरावरून ओरडत जात होती. एका दोस्तानं सांगितलं, आदल्या रात्री चहा पिताना तो म्हणाला होता की येत्या हंगामाले मी काही इथं दिसत नाही. झालं, सगळ्यांनी माना हलवल्या. एका म्हाताऱ्यानं समारोप केला, ‘लिहून ठेवलं होतं बाप्पा, आपण काय करणार.’

माझ्या बाजूला फिटर मिस्त्री बसला होता. तो कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, ‘दिवाळीत पट्टा बदलला, तवाची जाळी काढून ठेवली आहे. अजून भितीलेच टेकून आहे.’

पट्ट्यावरची संरक्षणाची जाळी. होती खरीच भिंतीला टेकून. तिच्या तारेला आम्ही सगळे डबे अडकवायचो.

कथेत लेखक आधीच खुणा पेरून ठेवतो, त्याचं तंत्र माझ्या मते त्या तेरवीच्या मांडवात संपूर्ण दिसतं. लेखकाला शेवट आधी माहीत असतो, म्हणून तो मागे जाऊन पेरतो. गावाला शेवट नंतर कळतो, म्हणून ते मागे जाऊन उकरतं. दोघंही उलट्या पायांनीच चालतात. टिटवी काय, आमच्या शिवारात रोज ओरडते. डबा विसरणारा पोरगा तर मी रोज बघतो. त्या हजार गोष्टींतून नेमक्या तीन उचलायच्या आणि एका ओळीत मांडायच्या, की नियती तयार होते. त्यात काही बिघडत नाही, माणसाला दुःखाची काहीतरी आकृती लागते. माझा आक्षेप वेगळा आहे. टिटवीला खूण मानलं तर कुणाचा पैसा लागत नाही. जाळीला खूण मानली तर लागतो.

म्हणूनच ‘माकडाचा पंजा’ वाचताना सगळ्यांची नजर पंजावर असते, यंत्राकडे कोणीच बघत नाही, हे मला चमत्कारिक वाटतं. म्हातारा व्हाइट विचारत नाही. आई विचारत नाही. समीक्षकही फकिराच्या वाक्यावर पानं भरतात. जेकब्सनं मात्र दोन्ही धागे जागच्या जागी ठेवले आहेत. पंजा आहे, आणि जबाबदारी नाही म्हणणारी कंपनीही आहे. कशानं मारलं हे त्यानं सांगितलेलं नाही. वाचणाऱ्यानं ठरवायचं, आणि वाचणारा जिथं राहतो त्यावर त्याचं ठरतं.

(नियती म्हटल्यावर मराठी वाचकाला जी. ए. कुलकर्णी आठवणार आणि आठवावेतच. पण त्यांची नियती आभाळाएवढी असते, तिच्यापुढे पावती-पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाचं काम नाही. मी आपला काट्याच्या उंचीवरून बोलतो आहे.)

रशियन लेखक चेखवचं म्हणणं प्रसिद्ध आहे. १८८९ सालच्या एका पत्रात त्यानं लिहिलं की कुणी झाडणारच नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नये. नाटकापुरतं ठीक आहे. आमच्या जिनिंगच्या फाटकावर चौकीदार सगळ्यांच्या काडीपेट्या आणि लायटर बिस्किटाच्या डब्यात जमा करून घेतो. भिंतीवर वाळूच्या लाल बादल्या ओळीनं टांगलेल्या आहेत. चेखवच्या हिशेबानं पाहिलं तर पहिल्याच अंकात आग लागायला हवी. वर्षानुवर्षं लागत नाही, कारण तो चौकीदार काडीपेट्या घेतो. जिथं काही घडत नाही तिथं कुणीतरी रोज काहीतरी करत असतं, पण त्याची कथा होत नाही. थरारकथेला हा माणूस नको असतो. तो एक दिवस रजेवर जावा लागतो.

एडगर ॲलन पोची ‘अमोंतिलादोचं पिंप’ ही १८४६ सालची कथा मी शेकोटीवर सांगितली तेव्हा मला वाटलं होतं, दारूची कथा आहे, रंगेल. रंगली, पण वेगळ्याच जागी. माँत्रेसोर हा सूडाला पेटलेला माणूस फोर्तुनातोला दुर्मीळ दारू दाखवायच्या निमित्तानं तळघरात नेतो आणि शेवटी भिंतीत जिवंत चिणतो. वाटेत फोर्तुनातोला खोकल्याची ढास लागते. माँत्रेसोर म्हणतो, परत जाऊ, तुझी तब्येत महत्त्वाची. दारू काय, ती दुसऱ्या जाणकाराला दाखवीन. फोर्तुनातो म्हणतो, खोकल्यानं मी काही मरत नाही. माँत्रेसोर म्हणतो, खरं आहे. पुढं तो अंगरख्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो, तीही फोर्तुनातोला गंमत वाटते.

टपरीवाला म्हणाला, ‘हे तं व्यापारी करते.’ आणि सगळे हो म्हणाले. खेड्यात कापूस घ्यायला आलेला व्यापारी अगदी असंच बोलतो : राहू द्या भाऊ, तुम्हाले नाही जमत तं बाजूच्या गावात विचारतो, तुमच्यासारख्या जाणकाराले मी काय सांगू. त्याच्या ‘राहू द्या’ मध्येच गळ असतो. परत जायचा रस्ता पुन्हा पुन्हा दाखवला जातो, आणि तो फोर्तुनातोच नाकारतो, कारण दुसऱ्या जाणकाराचं नाव त्याला सोसत नाही. पोच्या या कथेत दैव नाहीच. एकाची तयारी आणि दुसऱ्याचा मोठेपणा, बस. माँत्रेसोरनं घरच्या नोकरांना सांगून ठेवलेलं असतं की मी सकाळपर्यंत येत नाही, घर सोडून कुठं हलू नका. त्यामुळे तो वळला की ते सगळे पळणार याची त्याला खात्री. माणसाची निवड आधीच ओळखता आली की तिचाही सापळा करता येतो.

फ्रँक स्टॉकटनच्या १८८२ सालच्या ‘सुंदरी की वाघ?’ या कथेची आमच्याकडे वेगळीच पंचाईत होते. गोष्ट साधी आहे. आरोपीला मैदानात दोन बंद दारांसमोर उभं करायचं. एकामागे भुकेला वाघ, एकामागे लग्नासाठी सजलेली मुलगी. दार त्यानं स्वतः निवडायचं, म्हणजे न्याय नशिबानं झाला. राजकन्येच्या प्रियकराची पाळी येते. कोणत्या दारामागे काय, हे राजकन्येनं पैसे चारून काढून घेतलेलं असतं. तो तिच्याकडे बघतो, ती उजवीकडे हात हलवते, तो जाऊन उजवं दार उघडतो. कथा तिथंच संपते.

आता हे राळेगाव-पांढरकवड्याकडच्या माणसांना सांगायचं. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरात बोराटीच्या जंगलात मारली गेली, तो ऐन वेचणीचा हंगाम होता. या लोकांना वाघ हा कोड्यातला प्राणी वाटत नाही. पहिला प्रश्न आला, वाघ दाराआडून गुरगुरला नसन का? दुसरा, वास येत नाही का? वाघाचा वास येतोच. शेवटी वेचणीला आलेल्या बायकांपैकी एक बुढी, जी तोवर गोणपाटावर आडवी पडून ऐकत होती, ती म्हणाली, ‘त्यानं तिच्याइकडे पाह्यलंच कायले?’

या कथेवर कॉलेजात आम्ही वादविवाद स्पर्धा घेतली होती. राजकन्या काय करेल यावर तास न् तास भांडलो होतो. त्या बाईनं भांडणच दुसरीकडे नेलं. दोन दारं होती आणि त्याचं स्वतःचं नशीब होतं, अर्धीअर्धी शक्यता. मान वर करून तिच्याकडे पाहिल्याबरोबर त्यानं आपली निवड दुसऱ्याच्या हातात दिली. पुढं सुंदरी निघाली काय नि वाघ निघाला काय, दार त्यानं निवडलेलं नाही. राजा ज्याला नशिबाचा न्याय म्हणत होता तो त्या क्षणी राजकन्येचा न्याय झाला. त्यात मत्सर होता, प्रेम होतं, सगळं होतं. नशीब तेवढं नव्हतं.

आपल्याकडच्या परीक्षितीच्या कथेत हाच खेळ किती खोल आहे, ते बघा. भागवत सप्ताहात ती ऐकत आम्ही मोठे झालो, पण कीर्तनकार बहुधा शाप, सात दिवस आणि तक्षक एवढ्यावर जातात. महाभारताच्या आदिपर्वात मध्येच एक काश्यप नावाचा ब्राह्मण आहे, विष उतरवण्यात पारंगत. राजाला वाचवायला आणि त्याचे पैसे मिळवायला तो निघालेला असतो. वाटेत तक्षक भेटतो, म्हणतो, हा वड मी चावून जाळतो, जिवंत करून दाखव. वड जळून राख होतो. काश्यप तो पुन्हा अंकुरापासून उभा करतो. म्हणजे उपाय होता! शाप खरा आणि उताराही खरा. मग तक्षक विचारतो, राजा तुला जे देणार त्याहून जास्त मी देतो, परत जा. आणि तेव्हा, पैशाची बोली झाल्यावर, काश्यप ध्यान लावून बघतो. ध्यानात त्याला दिसतं की राजाचं आयुष्य तसंही संपलेलंच आहे. पैसे घेऊन तो माघारी फिरतो.

नियती नेमकी कोणत्या घटकेला दिसली, ते लक्षात घ्या. आणि व्यासांचं कौशल्य असं की त्या वडावर सरपण तोडायला एक माणूस चढलेला होता. झाडाबरोबर तोही जळाला आणि झाडाबरोबर तोही जिवंत झाला. दोघांचं बोलणं त्यानंच नगरात येऊन सांगितलं. तो लाकडं तोडणारा नसता, तर परीक्षित फक्त शापानं मेला असंच आपण म्हणत राहिलो असतो. माझ्या लेखी आदिपर्वातला तो सगळ्यात महत्त्वाचा माणूस आहे, आणि त्याला नावसुद्धा दिलेलं नाही.

परीक्षिताचा शेवटही ऐकण्यासारखा आहे. एका खांबावरच्या महालात कडेकोट बंदोबस्तात तो सातवा दिवस काढतो. सूर्य मावळायला आलेला. फळातून एक बारीक किडा निघतो. राजा हसून म्हणतो, आता भीती सरली, हाच किडा तक्षक होऊन मला चावो म्हणजे मुनीचा शब्दही खोटा पडायचा नाही, आणि तो किडा स्वतःच उचलून मानेवर ठेवतो. हर्बर्टची पैज आणि परीक्षिताची ही थट्टा माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेली असते. संकट टळलं असं वाटल्यावर केलेला विनोद लेखकांच्या नेहमी उपयोगी पडतो. आम्ही मात्र तो सहज करतो आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा काहीही होत नाही.

भाकितावर आमच्या भागाचा विश्वास नाही असं समजू नका. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. शेतात अठरा प्रकारची धान्यं गोल मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, वर पापड-कुरडई, वडा. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे वाघ घराण्यातली मंडळी मांडणी पाहून पाऊस-पाण्याचं आणि पिकांचं भाकीत सांगतात. ही रीत तीनशेहून जास्त वर्षांची असल्याचं सांगतात. हवामान खातं आणि शास्त्र जाणणारे याला मानत नाहीत. आमच्याकडे ते भाकीत सकाळीच मोबाइलवर येतं, सगळे वाचतात, आणि जूनमध्ये पहिल्या सरीला सरकी टोबायची की थांबायचं, हे प्रत्येक जण आभाळाकडे, सावकाराकडे आणि शेजाऱ्याच्या तिफणीकडे पाहून ठरवतो. दुबार पेरणीची पाळी आली की मात्र घट आठवतो. तिथंही तेरवीच्या मांडवासारखंच, खूण मागून सापडते.

शर्ली जॅक्सनची १९४८ सालची ‘लॉटरी’ ही कथा मी शेकोटीवर सांगत नाही. जूनमधली सोडत झाली की कणसं जड होतात, असं तिच्यातला म्हातारा वॉर्नर म्हणतो. दुसऱ्याच परिच्छेदात पोरं खिशात दगड भरत असतात, आणि ते कशाला हे आपल्याला अगदी शेवटी कळतं : सोडत ज्याच्यावर येईल त्याला गावानं दगडांनी मारायचं असतं. कथा जबरदस्त आहे. पण चिठ्ठीत नाव निघालेल्या घरांतली माणसं माझ्या समोर बसलेली असतात. आमच्या भागात शेतकऱ्यानं जीव दिला की चौकशी होते : नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का. मग प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. पात्र झालं तर एक लाख, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत, अशी ती पद्धत कित्येक वर्षं चालत आली. हे माहीत असलेल्या माणसांना सोडतीची गोष्ट मी काय सांगणार.

‘माकडाचा पंजा’ मात्र मी दर हंगामात सांगतो, आणि दर वेळी एक गोष्ट सारखी होते. पुस्तकांत या कथेवर जे प्रश्न असतात, म्हणजे दाराबाहेर कोण होतं, तिसरी इच्छा कोणती, बापानं बरोबर केलं का, यातला एकही शेकोटीवर निघत नाही. निघतो तो हा : त्या दोनशे पौंडांचं काय झालं?

जेकब्सनं सांगितलेलं नाही. आकडा ऐकून म्हातारा कोसळतो, आणि त्यानंतर त्या पैशाचा कथेत उल्लेखच नाही. पण हर्बर्टनं हिशेब आधीच करून ठेवला होता, दोनशे म्हणजे बरोबर घराचं देणं. मग यावर वाद चालतो. गेल्या हंगामात वणीकडचा एक जण ठासून म्हणाला, असा पैसा बापानं हातात धरला नसन, नदीत टाकला असन. दुसऱ्यानं त्याला विचारलं, नदीत टाकला तर बँकेचा माणूस येते तेव्हा त्याले काय नदी दाखवतं? तिसऱ्याचं मत पडलं, पैसा म्हातारीच्या नावानं ठेवीत गेला असन आणि व्याजावर दोघं जगले असन. कुणीतरी हर्बर्टचं वाक्य आठवून दिलं, मी परत येईपर्यंत पैशाला हात लावू नका असं पोरगं सांगून गेलं होतं, तर मायबाप कसा हात लावतीन?

तेव्हा ट्रॅक्टरवाला एक पोट्टा, जो तोवर मोबाइलच बघत होता, मान वर न करता बोलला, ‘रात्री आला नव्हता का तो दारापर्यंत? यानंच तं वापस पाठवला. मंग आता कायची वाट पाहायची?’